नाम आणि रूप

"चित्रकलेंतलें आम्हांला कांहीं कळत नाहीं" हें वाक्य सुशिक्षित मनुष्याच्या तोंडून जितक्या निःसंकोचपणें निघतें, तितक्या निःसंकोचपणें दुसऱ्या कोणत्याहि अज्ञानाची कबुली दिली जात नाहीं. काव्य कळत नाहीं असें म्हणावयास लोक कचरतात. गाणें कळत नाहीं असें सांगतांना स्वर थोडा खालीं येतो. पण चित्र किंवा मूर्ति कळत नाहीं हें सांगतांना लाज तर वाटत नाहींच, उलट त्यांत साधेपणाचा एक प्रकारचा अभिमानहि डोकावतो. आणि नवल असें कीं, ही कबुली देणारा मनुष्य पुढच्याच वाक्यांत निकालहि देऊन मोकळा होतो. "कळत नाहीं, पण हें कांहीं खरें नव्हे", किंवा "कळत नाहीं, पण आवडलें बुवा!" न्यायासनावर बसलेल्या मनुष्यानें "मला या खटल्यांतलें कांहीं समजलेलें नाहीं" असें सांगून लागलीच शिक्षा सुनवावी, त्यांतलाच हा प्रकार होय.

या वर्तनाच्या मुळाशीं एक समजूत आहे, आणि ती बोलून दाखविली जात नसल्यामुळेंच ती फारशी तपासलीहि जात नाहीं. ती अशी कीं, पाहण्यास शिकावें लागत नाहीं. काव्याला भाषा लागते, गाण्याला सुरांची ओळख लागते. पण डोळे तर सर्वांनाच आहेत, आणि चित्र म्हणजे डोळ्यांपुढें मांडलेली वस्तु. ती ज्याला दिसली त्याला ती समजली. आणि दिसूनहि समजली नाहीं तर दोष मांडणाराचा, पाहणाराचा नव्हे. प्रस्तुत लेखांत या समजुतीचा थोडा विचार करावयाचा आहे. प्रश्न वरवर पाहतां केवळ अभिरुचीचा वाटतो. पण त्याच्या पोटांत नीतीचा एक प्रश्न दडलेला आहे. जी वस्तु आपण नीट पाहिली नाहीं, तिच्याविषयीं मत देण्याचा आपणांस अधिकार पोंचतो काय? आणि 'नीट पाहिली' असें केव्हां म्हणावें?

मराठींत 'दिसणें' आणि 'पाहणें' हीं दोन निराळीं क्रियापदें आहेत, ही भाषेनें आपल्यावर केलेली मोठीच कृपा होय. दिसणें आपोआप घडतें. पाहणें करावें लागतें. 'मला झाड दिसलें' या वाक्यांत कर्तृत्व झाडाकडे आहे. 'मीं झाड पाहिलें' यांत तें माझ्याकडे येतें. व्यवहारांत आपलें बहुतेक काम दिसण्यावरच भागतें. रस्त्यानें जातांना समोरून येणारी वस्तु गाडी आहे एवढें कळलें कीं बाजूला व्हावयास तें पुरे. तिच्या चाकावर ऊन कसें पडलें आहे हें न्याहाळीत बसणारा मनुष्य फार दिवस जगावयाचा नाहीं. डोळा हा जिवाचा आणि पोटाचा चाकर आहे. वस्तूला नांव मिळेपर्यंत तो राबतो, आणि नांव मिळतांच रजा घेतो. हें निसर्गाचें शहाणपणच आहे. अडचण एवढीच, कीं हीच संवय घेऊन आपण चित्रापुढें उभे राहतों.

ही संवय किती खोल रुजलेली आहे हें पाहावयाचें असेल तर एक साधा प्रयोग कोणासहि घरीं करितां येईल. चित्रकला न शिकलेल्या एखाद्या प्रौढ मनुष्याला कागदावर माणसाचा चेहरा काढावयास सांगावें. बहुतेक सर्वजण डोळे फार वर काढतील. कपाळ आणि डोकें मिळून चेहऱ्याचा चौथा हिस्सा काय तो उरेल. वास्तविक मनुष्याचे डोळे टाळू आणि हनुवटी यांच्या जवळजवळ मध्यावर असतात. ज्यानें हें चुकीचें चित्र काढलें, त्यानें आयुष्यांत हजारों चेहरे पाहिलेले असतात. रोज सकाळीं आरशांत एक तर पाहिलेला असतोच. मग हें अज्ञान कोठून आलें? उत्तर असें कीं, चेहऱ्यावर आपल्या कामाचें जें जें आहे तें सर्व डोळ्यांपासून खालीं आहे. राग, लोभ, हंसूं, ओळख हीं सारीं तेथें वाचतां येतात. वरचा भाग कांहीं सांगत नाहीं, म्हणून तो असूनहि नसल्यासारखा होतो. आपण चेहरा पाहिलेला नसतो. चेहऱ्यावरचा मजकूर तेवढा वाचलेला असतो. ज्या वस्तूशीं आपला जन्माचा संबंध तिची ही कथा. मग वर्षांतून एकदां भेटणाऱ्या मूर्तीची किंवा चित्राची काय असेल?

वेदान्त्यांनीं जगाचें वर्णन 'नामरूप' अशा जोड शब्दानें केलें आहे. त्यांच्या दृष्टीनें नाम आणि रूप दोन्ही सारखींच बाजूला सारण्याजोगीं. कारण त्यांना पलीकडचें सत्य हवें आहे. कलेच्या प्रांतांत मात्र या जोडींतील दोघांत भांडण आहे, आणि तेथें नाम बहुधा रूपाच्या आड येतें. याचें एक ठळक उदाहरण मुंबईपासून तासाभराच्या जलप्रवासावर आहे. सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या घारापुरीच्या मुख्य लेण्यांत, उत्तरेच्या दारानें आंत गेलें कीं समोर दक्षिणेच्या भिंतींत एक प्रचंड मूर्ति दिसते. माणसाच्या सुमारें तिप्पट उंचीची. पण तीहि छातीपर्यंतचीच. तिला तीन मुखें आहेत. तीन मुखें म्हणतांच नांव ठरलें: त्रिमूर्ति! आणि नांव ठरतांच अर्थहि ठरला: ब्रह्मा, विष्णु, महेश. कोणतें मुख कोणाचें याची वांटणीहि झाली. पाहणाराच्या डावीकडचें उग्र मुख रुद्राचें. उजवीकडच्या मुखाशेजारीं हातांत कमळ दिसतें, म्हणून तें विष्णूचें. उरलेलें मधलें ब्रह्मदेवाचें. पिढ्यान् पिढ्या लोक येत राहिले, तीन मुखें मोजीत राहिले, आणि हिशेब बरोबर जुळल्याच्या समाधानांत परत जात राहिले.

आतां या मूर्तीपुढें नांव विसरून क्षणभर उभे राहूं. डावीकडच्या मुखाला मिशा आहेत, भुंवया चढलेल्या आहेत, हातांत नाग आहे आणि मुकुटांत कवटी आहे. उजवीकडच्या मुखाचे ओंठ भरलेले आणि मृदु आहेत, कुरळे केस मोत्यांच्या सरांनीं बांधलेले आहेत, आणि एकंदर ठेवण पुरुषाची नसून स्त्रीची वाटते. मधलें मुख ना उग्र ना ललित. डोळे मिटल्यासारखे खालीं झुकलेले, खालचा ओंठ जाड, आणि सबंध चेहऱ्यावर अशी निश्चलता कीं शेजारच्या दोन्ही मुखांची तिला वार्ताहि नसावी. विष्णूला स्त्रीची मुद्रा कां द्यावी? शंख नाहीं, चक्र नाहीं, मग एका कमळावर विष्णु कसा सिद्ध व्हावा? बरें, हें जर तीन देव, तर तीन मुखें एकाच धडावर कां? आणि एवढ्यानें समाधान होत नसेल तर दहा पावलें बाजूला सरावें. मूर्तीच्या डावीकडच्या भिंतींत अर्धनारीश्वर आहे, उजवीकडच्या भिंतींत गंगाधर आहे; आणि या दोन्ही प्रसंगांच्या वरच्या भागांत हंसांच्या आसनावरचा ब्रह्मदेव व गरुडावर बसलेला विष्णु हे परिवारांतील देव म्हणून लहान आकारांत कोरलेले आहेत. म्हणजे शिल्पकाराला ब्रह्मा आणि विष्णु दाखवावयाचे होते तेव्हां ते कसे दाखवितात हें त्याला उत्तम ठाऊक होतें, आणि त्यानें ते हाताच्या अंतरावर दाखविलेहि आहेत. साऱ्या लेण्यांत विवाह, नृत्य, योग, अंधकासुराचा वध, रावणाचें कैलास हालविणें हे सर्व प्रसंग शिवाचे. आणि त्या सर्वांच्या मध्यभागीं हा एकच देव, स्वतःच्या भीषण आणि कोमल अशा दोन टोंकांसह, स्वस्थ बसलेला आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत टी. ए. गोपीनाथ राव यांनीं मूर्तिशास्त्राच्या आधारानें ही त्रिमूर्ति नसून महेशमूर्ति आहे असें प्रतिपादन केलें. पुढें विद्वानांत 'सदाशिव' हें नांव रूढ झालें. उग्र तें अघोर, कोमल तें वामदेव किंवा उमा, मधलें तें तत्पुरुष. चौथें मुख मागें, डोंगराच्या पोटांत, आणि पांचवें अव्यक्त.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. गोपीनाथ रावांनीं शास्त्रग्रंथ धुंडाळले हें खरें. पण वर सांगितलेल्या शंका उत्पन्न होण्यास एकहि ग्रंथ लागत नाहीं. मिशा, मोत्यें, नाग, कमळ हीं सर्व तेथें उघडीं होतीं. तीं कोणी लपविलीं नव्हतीं. तीं झांकलीं होतीं एका नांवानें. परंतु याचा अर्थ 'त्रिमूर्ति' हें नांव वाईट आणि 'सदाशिव' हें नांव चांगलें, एवढाच घेतला तर आपण शिकलों कांहींच नाहीं. आज मार्गदर्शकाच्या तोंडून किंवा माहितीच्या फलकावरून 'सदाशिव' हें नांव ऐकून जो यात्रेकरू मान डोलावतो आणि मूर्तीकडे पाठ करून स्वतःचें छायाचित्र काढून घेतो, त्याची स्थिति शंभर वर्षांपूर्वींच्या प्रेक्षकाहून निराळी नाहीं. त्याचा पडदा बदलला, इतकेंच. नांव हें ज्ञानाचें शेवटचें पाऊल मानलें कीं तें पडदा होतें. पहिलें पाऊल मानलें कीं तेंच दिवा होतें. 'येथें शिव पांच मुखांचा आहे' असें कळल्यावर, न दिसणारीं दोन मुखें दगडांत कोठें असतील याचा विचार करीत जो त्या अंधाराकडे पुन्हां पाहूं लागला, त्याच्या बाबतींत नांवानें आपलें काम केलें. छातीखालीं मूर्ति कां संपते, ती डोंगरांतून वर येत आहे कीं डोंगरांत परत जात आहे, मधल्या मुखाच्या मिटल्या डोळ्यांमुळें बाजूचीं दोन मुखें स्वप्नासारखीं कां भासतात, हे प्रश्न त्याला आपोआप सुचतील.

माहिती असली म्हणजे दृष्टि येते असें मात्र कोणी समजूं नये. याविषयीं सर जॉर्ज बर्डवुड यांचें उदाहरण मोठें उद्बोधक आहे. हे गृहस्थ १८३२ सालीं बेळगांव येथें जन्मले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांनीं अध्यापन केलें. भायखळ्याचें वस्तुसंग्रहालय, जें आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नांवानें ओळखलें जातें, तें उभें करण्यांत त्यांचा मोठा हात होता. भारतीय कारागिरीवर त्यांचें मनापासून प्रेम होतें, आणि १८८० सालचा त्यांचा 'इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया' हा ग्रंथ त्या प्रेमाची साक्ष देतो. असा जाणता व सहृदय मनुष्य १९१० च्या जानेवारींत लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सच्या सभेंत जावा बेटांतील एका ध्यानस्थ बुद्धमूर्तीविषयीं बोलतांना म्हणाला कीं, निर्विकार शांतीचें प्रतीक म्हणून चरबी घालून उकडलेलें एखादें पुडिंगहि तितकेंच चाललें असतें! या उद्गारानें मोठी खळबळ उडाली. फेब्रुवारीच्या अखेरीस तेरा कलावंतांनीं व कलाविवेचकांनीं 'टाइम्स' पत्रांत निषेधाचें पत्र लिहिलें, आणि त्याच वर्षीं लंडनमध्यें भारतीय कलेच्या अभ्यासासाठीं 'इंडिया सोसायटी' स्थापन झाली.

बर्डवुड यांना अज्ञानी म्हणतां येत नाहीं, द्वेष्टेहि म्हणतां येत नाहीं. मग त्यांना ती मूर्ति कां दिसली नाहीं? मला वाटतें, त्यांच्या मनांत आधींच एक खण तयार होता. त्यावर 'भारतीय कारागिरी' असें लिहिलेलें होतें, आणि त्या खणांत गालिचे, भांडीं, दागिने, विणकाम हें सर्व आदरानें ठेवलेलें होतें. 'ललितकला' या दुसऱ्या खणाचें माप ग्रीस आणि इटली या देशांत घेतलें गेलें होतें; तेथें मूर्ति म्हणजे स्नायु, हाडें, हालचाल, आवेश. बुद्धमूर्तींत यांतलें कांहीं नाहीं. तेथें स्नायु विरघळून गेले आहेत, कारण स्नायु म्हणजे श्रम, आणि मूर्तिकाराला श्रम जेथें थांबले तें स्थान दाखवावयाचें आहे. जें मुद्दाम वगळलें आहे तेंच शोधीत गेलेल्या डोळ्यांना तेथें गोळ्याशिवाय दुसरें काय दिसणार? त्यांच्या ज्ञानांत उणें नव्हतें, ज्ञान बाजूला ठेवून क्षणभर प्रश्न विचारण्याची, "तूं जसा आहेस तसा कां आहेस?" असें मूर्तीलाच पुसण्याची तयारी उणी होती.

परंतु या कथेचा उत्तरार्धहि सांगितला पाहिजे. नाहीं तर ती कथा केवळ आपल्या अभिमानाला खाद्य पुरवील. बर्डवुड यांना उत्तर देतांना 'भारतीय कला ही आध्यात्मिक आहे' असें एक सूत्र प्रचारांत आलें. सूत्र पुष्कळ अंशीं खरें होतें, आणि त्या काळीं तें धैर्याचेंहि होतें. पण पाहतां पाहतां त्याचेंहि नांव झालें, आणि नांवाचा पडदा झाला. मग मूर्ति आपली आहे, प्राचीन आहे, आध्यात्मिक आहे, एवढें पुरे झालें. ती चांगली आहे कीं नाहीं, तिचा कोरणारा कसबी होता कीं कामचुकार, हें पाहण्याची गरज उरली नाहीं. अजिंठ्यांत सुद्धां सर्वच हात सारखे नाहींत. एकाच लेण्यांत एका भिंतीवर सिद्धहस्त कलावंत आढळतो आणि दुसऱ्या भिंतीवर गतानुगतिक. सर्वच थोर म्हणून जो हात जोडतो, त्यानें थोर कलावंताचा अपमान केला; कारण त्याला सामान्याच्या पंक्तीस बसविलें. न पाहतां केलेली निंदा आणि न पाहतां केलेली स्तुति या दोन्ही एकाच आळसाच्या मुली आहेत.

आपल्याकडे आणखी एक नांव रूपाच्या आड येतें, तें म्हणजे 'हुबेहूब'. चित्राविषयीं सामान्य मनुष्याच्या तोंडीं येणारा सर्वांत मोठा गौरव हाच. या कसोटीला आपल्या पुराणांत जुना आधार आहे. मयसभेंत दुर्योधनाला जमीन पाण्यासारखी भासली आणि पाणी जमिनीसारखें. तो वस्त्रें सांवरूं लागला आणि मग पाण्यांत पडला. ही मयासुराची कारागिरी अद्भुत खरीच, पण तिच्यानें दुर्योधनाला जमीन किंवा पाणी अधिक समजलें असें कोणी म्हणणार नाहीं. त्याला समजली ती फजिति. अलीकडच्या काळांत या कसोटीला बळ आलें तें राजा रविवर्मा यांच्या चित्रांनीं. १८९४ सालीं मुंबईस सुरू झालेल्या व पुढें लोणावळ्याजवळ मळवली येथें गेलेल्या त्यांच्या छापखान्यांतून निघालेल्या रंगीत शिळाछाप चित्रांनीं लक्ष्मी आणि सरस्वती घराघरांत नेल्या. ज्यांना देवळाची पायरी चढूं दिली जात नव्हती त्यांच्याहि भिंतीवर देव आला. हें काम लहान नव्हे, आणि रविवर्म्यांची योग्यता नाकारण्याचें कारणहि नाहीं. त्यांच्या अस्सल तैलचित्रांपुढें उभें राहून रेशमाच्या पोताकडे पाहावें, म्हणजे त्या हाताची किंमत कळते. पण या चित्रांनीं आपल्या डोळ्यांना अशी संवय लावली कीं, देवता म्हणजे पैठणी नेसलेली सुंदर स्त्री, आणि चांगलें चित्र म्हणजे तिला हात लावावासा वाटणें. आपल्याच परंपरेंत ही कसोटी इतकी एकटी कधीं नव्हती. कामसूत्राचा टीकाकार यशोधर यानें चित्राचीं सहा अंगें सांगितलीं आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. सादृश्य हें त्यांत आहे, पण सहांतील एक आहे. बाकीच्या पांचांकडे न पाहतां एकावरच निकाल देणें म्हणजे परीक्षेच्या सहा कागदांपैकीं एकच तपासून विद्यार्थ्याला नापास करण्यासारखें आहे.

मग पाहण्यास शिकावें कसें? याचे नियम कोणी घालून देऊं शकेल असें नाहीं. पण ज्यांनीं शिकून घेतलें त्यांच्या अनुभवावरून दोन चार वाटा सांगतां येतात. पहिली वाट वेळाची. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझियममध्यें प्रेक्षकांचें निरीक्षण करून २००१ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत एका कलाकृतीपुढें मनुष्य सरासरी सुमारें २७ सेकंद थांबतो असें आढळलें. ज्या चित्रावर कलावंतानें महिनेच्या महिने घालविले त्याला अर्धें मिनिट! एवढ्या वेळांत नांव मिळतें, रूप मिळत नाहीं. चांगलें चित्र पहिल्या मिनिटांत बोलून घेतें आणि मग गप्प बसतें. तें गप्प बसल्यावर जो उठून जात नाहीं, त्याच्याशीं तें पुन्हां बोलूं लागतें. घारापुरीच्या अंधारांत तर डोळे निवळावयासच कांहीं मिनिटें लागतात.

दुसरी वाट हाताची. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे तरुण त्यांत होते. यांतील पुष्कळ नकला पुढें लंडनमध्यें आगींत जळाल्या. त्यांच्या आधीं रॉबर्ट गिल यानें केलेल्या नकलांचीहि १८६६ सालीं हीच गत झाली होती. म्हणजे कागद आणि कापड गेलें. पण एखाद्या भुंवईची रेषा उतरवून घेतांना जो हात दहा वेळां चुकला आणि अकराव्या वेळीं बरोबर आला, त्या हाताच्या मालकाचे डोळे कायमचे बदलले. तें आगींत जळण्यासारखें नव्हतें. पहिल्या लेण्यांतील पद्मपाणीची भुंवई आपण सर्वांनीं पुस्तकांत पाहिलेली असते. पेन्सिल घेऊन ती एकदां काढून पाहावी. ती रेषा कोठें जाड होते, कोठें बारीक होते, आणि तिच्या एका वळणावर त्या चेहऱ्याची सारी करुणा कशी तोललेली आहे, हें हात चुकल्यावांचून डोळ्याला कळत नाहीं. आपली नक्कल वाईट होईल, होऊं द्यावी. ती भिंतीवर लावण्यासाठीं नसते, पाहण्यासाठीं असते.

तिसरी वाट शेजारच्या कलांची. विष्णुधर्मोत्तर पुराणांतील चित्रसूत्रांत वज्र राजा मार्कंडेय ऋषींना मूर्ति कशी घडवावी असें विचारतो. ऋषि सांगतात, त्यासाठीं चित्रकला आली पाहिजे. चित्रकलेसाठीं नृत्य, नृत्यासाठीं वाद्य, आणि वाद्यासाठीं गीत. राजाला एक हवें होतें आणि ऋषीनें त्याला सगळ्याच शाळेंत घातलें! पण यांत मर्म आहे. ज्यानें नृत्य पाहिलें आहे त्याला मूर्तीच्या कमरेचा बांक हा देहाचा दोष वाटत नाहीं. ज्यानें ख्यालांतील विलंबित लय ऐकली आहे त्याला चित्रांतील मोकळी जागा रिकामी वाटत नाहीं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाहीं. आनंद हा स्वयंस्फूर्त असावा. शिकून घेतलेला आनंद हा उसना आनंद नव्हे काय? चार जाणकारांनीं सांगितलें म्हणून आपणहि 'वाहवा' म्हणूं लागलों, तर तें ढोंगच झालें. आक्षेप खरा आहे. असें ढोंग आहे आणि तें पुष्कळ आहे. पण त्याचा उपाय न शिकणें हा नव्हे. पहिल्याने गाण्याच्या बैठकीस जाणाऱ्या मनुष्याला रागाचा विस्तार म्हणजे एकच ओळ घोळणें वाटतें. कोणी शेजारीं बसून हलकेच म्हणतो, "आतां पाहा, निषादावरून षड्जाकडे कसा येतो तो." तो सूर येतो, आणि ऐकणाराच्या अंगावर कांटा उभा राहतो. कांटा त्याचा स्वतःचा आहे, उसना नाहीं. शेजाऱ्यानें फक्त बोट दाखविलें. जाणकाराचा अधिकार एवढाच, आणि त्याची परीक्षाहि हीच: त्यानें जें दाखविलें तें त्याच्यावांचूनहि आपल्याला दिसूं लागलें पाहिजे. न दिसल्यास "मला दिसलें नाहीं" असें स्वच्छ सांगण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, मात्र बोटाच्या दिशेनें एकदां पाहिल्यावर. आवडनिवड त्यानंतरचीहि निराळी राहील, राहावीच. शिक्षणानें आवडी एकसारख्या होत नाहींत. त्यांना कारणें मिळतात.

शेवटचा प्रश्न नीतीचा. चित्र पाहण्यास शिकल्यानें मनुष्य चांगला होतो काय? कलेचे कांहीं कैवारी असें सांगतात. पण अनुभव त्यांना साथ देत नाहीं. मूर्तीपुढें तासन् तास बसणारा रसिक घरीं येऊन चाकरावर ओरडूं शकतो, आणि ज्यानें जन्मांत एकहि चित्र पाहिलें नाहीं असा शेतकरी संतवृत्तीचा असूं शकतो. तेव्हां मोठा दावा सोडून द्यावा हें बरें. पण एक लहान दावा टिकतो. नांव मिळतांच पाहणें थांबविण्याची जी संवय चित्रापुढें आपल्याला आंधळी करते, तीच माणसांपुढेंहि करते. हा अमुक जातीचा, ही मोलकरीण, तो कारकून, ही विधवा, तो परप्रांतीय. नांव मिळालें, डोळ्यानें रजा घेतली, आणि निकाल तयार झाला. येथें चूक झाली तर एखादी दगडी मूर्ति उपेक्षित राहते एवढ्यावर भागत नाहीं. एक जिवंत मनुष्य त्याच्या खऱ्या रूपानें कोणालाच न दिसतां जगून मरून जातो. न्याय करण्याच्या आधीं पाहणें हें न्यायाचें पहिलें अंग आहे, आणि तें अंग आपण ज्या ठिकाणीं निर्धास्तपणें गिरवूं शकतों असें चित्र हें एक ठिकाण आहे. तेथें घाई नाहीं, भीति नाहीं, स्वार्थ नाहीं. चित्र आपल्याकडे कांहीं मागत नाहीं आणि उलट उत्तरहि करीत नाहीं. इतक्या सोप्या ठिकाणीं ज्याला निकाल अर्धा तास लांबणीवर टाकतां येत नाहीं, त्याला तो बाजारांत, कचेरींत आणि घरांत टाकतां येईल अशी आशा कशाच्या जोरावर धरावी?

चित्रापुढें केलेला अभ्यास माणसापुढें आपोआप उपयोगीं पडतो, असें मीं म्हटलेलें नाहीं. तो तेथें न्यावा लागतो, आणि नेणें न नेणें हें ज्याच्या त्याच्या सद्बुद्धीवर आहे. पण नेण्यासाठीं तो आधीं जवळ असला पाहिजे. म्हणून "चित्रांतलें कांहीं कळत नाहीं" असें म्हणणाऱ्या सज्जनाला एवढेंच सांगावेंसें वाटतें, कीं त्यांत कमीपणा मुळींच नाहीं. तें वाक्य प्रामाणिक आहे, आणि शिकण्याची सुरुवात तेथूनच होते. फक्त त्या वाक्यापुढें पूर्णविराम द्यावा, 'पण' जोडून निकाल देऊं नये, आणि मग चित्रापुढें थोडा वेळ उभें राहावें.